जिन्याखालच्या गाळ्याची अर्धी पाटी

पाच मजल्यांच्या त्या कचेऱ्यांच्या इमारतीत सत्तावीस वर्षे एक माणूस सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत वर जात होता आणि खाली येत होता. आणि तरीही तो स्वतः कुठे जायला निघाला होता, असे कुणाला सांगता आले नसते. लिफ्टचा जाळीचा दरवाजा डाव्या हाताने ओढायचा, पितळी मूठ उजव्या हाताने फिरवायची, आणि मान जराशी मागे वळवून विचारायचे, "कुठला?" एवढेच काम. आत आलेल्याने मजला सांगावा, याने मूठ फिरवावी. इच्छा त्यांची, हात याचा. पहिल्यावर नोंदणी, दुसऱ्यावर विमा, तिसऱ्यावर दाखले, चौथ्यावर निवृत्तिवेतन, पाचव्यावर अपिले आणि व्यवस्थापकांची खोली. अवघी इमारत त्यांना मजलेमामा म्हणत असे. खरे नाव पगारपत्रकात होते, आणि तिथेच राहिले.

मामांना माणूस पाहताच त्याचा मजला कळे. पोटाशी फाइल धरून, ती कुणी हिसकावेल अशा धास्तीने उभा राहणारा तिसऱ्याचा. चपलेकडे बघत मनातल्या मनात वर्षे मोजणारा चौथ्याचा. ओठ घट्ट मिटून छताकडे पाहणारा पाचव्याचा. सत्तावीस वर्षांत हा अंदाज एकदाही चुकला नाही. आणि सत्तावीस वर्षांत मामांनी विचारल्यावाचून एकदाही मूठ फिरवली नाही. कळते म्हणून विचारायचे नाही, हा उद्धटपणा त्यांच्या अंगी नव्हताच.

पण ही सवय मुठीबरोबर कचेरीत राहिली नाही. ती त्यांच्या पाठोपाठ घरी आली. "भाजी कुठली आणू?" "सदरा कुठला घालू?" दोन रस्ते फुटले की मामा थांबत आणि मामींकडे बघत. मामी म्हणत, "अहो, डावीकडे." की निघाले डावीकडे. संसार तीस वर्षे असा सुरळीत चालला होता.

मग नवी लिफ्ट आली. तिला जाळी नव्हती, मूठ नव्हती, मामा नव्हते. भिंतीवर गोल बटणे, आणि आतून एका न दिसणाऱ्या बाईचा गोड आवाज: "तिसरा मजला." मामांना एक भिंतीवरचे घड्याळ, आयुष्यभराच्या नोकरीची एक रक्कम आणि भरपूर टाळ्या मिळाल्या. टाळ्या संपल्यावर व्यवस्थापक साहेबांनी त्यांना बाजूला घेतले.

"मामा, जिन्याखाली झाडू-बादल्या ठेवायचो ती जागा मोकळी केलीय. एक माणूस बसेल, दुसरा वाकून उभा राहील. तुम्ही तिथे एखादा साधासा धंदा काढा. एक महिना भाडं नको. मात्र महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हा अर्ज भरून वर आणून द्या. त्यात एक ओळ आहे, 'व्यवसायाचे स्वरूप'. ती कोरी राहिली तर जागा झेरॉक्सवाल्याला जाईल. तो रोज येऊन माप घेऊन जातोय."

"साहेब," मामा म्हणाले, "धंदा कुठला काढू?"

साहेब हसले. "ते मी कसं सांगू, मामा? ते तुम्ही सांगायचं."

मामांच्या आयुष्यात असे उलटे उत्तर प्रथमच आले होते.

आणि हे ठरले नाही तर काय, तेही ठरलेलेच होते. मामींच्या भावाचे मोठ्या रस्त्यावर गोदाम होते, अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. तिथे रखवालदाराची जागा रिकामी होती, आणि रखवालदारासाठी पत्र्याची एक खोली. मेहुणे मनाने चांगले, फक्त आवाजाने मोठे. "भावोजी, धंदा तुमच्या रक्तात नाही. या इकडे. महिन्यातून एकदा घरी जात जा." महिन्यातून एकदा! मामींचा उजवा गुडघा घराचा जिना उतरताना मामांचा खांदा मागत असे. तो खांदा अर्ध्या दिवसाच्या अंतरावर गेला, तर तो जिना मामींनी कुणाला धरून उतरायचा? एका कोऱ्या ओळीवर असा अख्खा संसार टांगलेला होता.

मामा शोधाला निघाले. साधा हवा, नफ्याचा हवा, बसून करता यावा. कुणाला विचारावे? जे करतात त्यांनाच विचारावे, यापरते शहाणपण कोणते! खिशात वही-पेन्सिल घालून ते समोरच्या रस्त्यावरच्या वह्या-पेनवाल्याकडे गेले.

"वह्या-पेनं?" तो म्हणाला. "मामा, शाळा उघडते तेव्हा पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नाही, आणि मग वर्षभर माश्या मारा. धंदा म्हणजे फळांचा. माल आला, माल गेला, हात झटकून मोकळे."

मामांनी वहीत लिहिले: फळे. आणि फळवाल्या बाईंकडे गेले.

"फळं?" बाई म्हणाल्या. "अहो, संध्याकाळी केळ्यावर ठिपका दिसला की माझ्या काळजावर दिसतो. माल माझ्यापेक्षा लवकर म्हातारा होतो, मामा! तो इस्त्रीवाला बघा. कपडे लोकांचे, चुरगळणार लोक, धुणार लोक. हा नुसता हात फिरवतो."

मामांनी लिहिले: इस्त्री. आणि इस्त्रीवाल्याकडे गेले.

"या, उभे राहा इथे उन्हाळ्यात," तो कपाळ पुसत म्हणाला. "आणि एक शर्ट जळाला की आठवडा जळाला. धंदा म्हणजे केस कापायचा. पीक फुकट उगवतं, महिन्याच्या महिन्याला, आणि माणूस ते स्वतः घेऊन येतो."

मामांनी लिहिले: केस. आणि केस कापणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"पाय बघा माझे, सुजलेत," तो कात्री थांबवून म्हणाला. "आणि गिऱ्हाईक टकलं झालं की कायमचं गेलं! तुम्ही वह्या-पेनांचं दुकान काढा, मामा. वही नासत नाही, पेनाला टक्कल पडत नाही."

घरी येऊन मामांनी वहीत चार नावे लिहिली आणि एकाकडून दुसऱ्याकडे बाण काढले. चौथा बाण पहिल्यापाशी आला. मामी डोकावल्या.

"हे काय काढलंत? चाक?"

"धंद्याचा अभ्यास आहे."

"बरं. अभ्यासाला भूक लागली असेल, जेवून घ्या."

त्या चाकात मामा आठ दिवस फिरले. रोज सकाळी देवापुढे हात जोडून म्हणत, "देवा, तू नुसता मजला सांग. मूठ मी फिरवतो." आणि डोळे मिटून वाट बघत. आतून काही ऐकू येत नसे. भोळ्या माणसाची फजिती अशी की त्याला वाटते, देव बोलला तर मोठ्या आवाजात बोलेल, एकांतात बोलेल, आपण सवड काढून बसलो असताना बोलेल. तो दुपारच्या गर्दीत, घाम पुसत, हातात एक जुनी पिशवी घेऊन आला, तर त्याला ओळखावे कसे?

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी पेंटर आला. त्याला मामांनीच पहिल्या दिवशी सांगून ठेवले होते, कारण दुकानाला पाटी लागते एवढे एक त्यांना नक्की ठाऊक होते. पेंटरने शिडी लावली, डबा उघडला, कुंचला बुडवला आणि विचारले, "काय लिहू?"

मामा म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं रंग कालवून झालाय. रंग वाळतो, मामा, थांबत नाही."

"अजून ठरलेलं नाही हो."

पेंटरने कुंचला कानामागे अडकवला आणि थोडा विचार केला. "हे बघा. काहीही विकलंत तरी ते 'येथे' विकणार ना?"

"हो."

"आणि ते लोकांना 'मिळेल' ना?"

"मिळावं तर खरं."

"मग तेवढं लिहून ठेवतो. मधली जागा सोडतो. ठरलं की हाक मारा." आणि त्याने जिन्याखालच्या त्या गाळ्यावर, निळ्या जमिनीवर पांढऱ्या टपोऱ्या अक्षरांत, डावीकडे 'येथे' आणि उजवीकडे 'मिळेल' असे लिहिले. मध्ये चांगली हातभर जागा कोरी.

त्या कोऱ्या जागेखाली मामा एका स्टुलावर बसू लागले. मागे पाच फळ्या होत्या, पूर्वी तिथे जुनी रजिस्टरे असत. आता त्या रिकाम्या होत्या आणि मामाही. ये-जा करणारे लोक पाटी वाचत, मधल्या जागेशी अडखळत, आणि विचारत, "मामा, येथे काय मिळेल?"

"तेच बघतोय," मामा म्हणत.

आता नव्या लिफ्टबरोबर इमारतीत एक नवा नियमही आला होता. दारावर गणवेशातला रखवालदार बसला होता आणि त्याला एकच वाक्य येत होते: "पिशवी वर नाही." कागद चालतील, पिशवी नाही. लोक लांबून लांबून आलेले, हातात सगळा दिवस भरून आणलेला. ते दारातच गोंधळून उभे राहत. एक नजर रखवालदाराकडे, एक रस्त्याकडे, आणि तिसरी हटकून जिन्याखाली जाई, जिथे ओळखीचा चेहरा आणि पाच रिकाम्या फळ्या दिसत.

पहिल्या ताई कुंडीतले रोप घेऊन आल्या होत्या. "मामा, जरा ठेवू? दाखला घेऊन आलेच."

"अहो ताई, इथे नका ठेवू. मला धंद्याचा विचार करायचाय."

"करा की! रोप काही बोलणार नाही."

आणि ताई गेल्यासुद्धा. दाखला म्हणजे तिसरा मजला. मामांच्या हाताने, मामांना न विचारता, ते रोप खालून तिसऱ्या फळीवर ठेवले. मग एक गृहस्थ छत्री आणि हेल्मेट घेऊन आले. पहिला मजला, पहिली फळी. मग तारेचे भेंडोळे आले, विमा, दुसरी. शिवणयंत्राचे चाक आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा आला, एका मुलीचे तबल्यांचे जड गाठोडे आले. मामा कुणाला चिठ्ठी देत नव्हते, कुणाकडून लिहून घेत नव्हते. उतरणारा माणूस लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकी, तोवर त्याची वस्तू मामांच्या हातात आलेली असे. मजला आठवला की फळी आठवे, चेहरा दिसला की वस्तू दिसे. सत्तावीस वर्षे माणसे नेली होती. आता त्यांचे ओझे सांभाळणे अवघड ते काय!

कुणी खिशात हात घालून विचारी, "किती द्यायचे?" तर मामा कानाला हात लावीत. "छे छे! धंदा सुरू झाला की घेईन."

आणि घरी गेल्यावर हताश होऊन बसत.

"आज काय ठरलं?" मामी विचारत.

"ठरतंय कसलं! डोकं टेकवायला वेळ मिळत नाही. आज तेरा जण आले. कुणाचं काय, कुणाचं काय! एकानं तर खोकं ठेवलं, आतून म्याँव म्याँव. दिवसभर मी त्या मांजराला समजावत बसलो. अशानं माणसानं धंद्याचा विचार करायचा कधी?"

मामी ऐकत, हसत, मांजराचा रंग विचारत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही नोकरीत होतात तेव्हाही घरी येऊन इतकं बोलत नव्हतात."

"वैतागलोय म्हणून बोलतोय."

"हो का?" मामी म्हणाल्या. "असा वैताग बघितला नव्हता बाई मी कधी."

मामांच्या ध्यानात काही आले नाही. हाती असलेली वस्तू माणूस घरभर शोधतो, कपाटे उघडतो, लेकराबाळांवर चिडतो. आणि जिचा शोध चालला आहे ती त्याच्याच मुठीत ऊब धरून बसलेली असते. मामा अगदी तसे चिडत होते. दिवस मात्र थांबत नव्हते. पाटीच्या मधली जागा कोरी, अर्जाची ओळ कोरी, आणि झेरॉक्सवाला आता मापाबरोबर टेबलही घेऊन येऊ लागला.

शेवटचा दिवस उजाडला. मामांनी अर्ज घडी घालून वरच्या खिशात ठेवला, पेन त्याला अडकवून ठेवले. सकाळी अकरा वस्तू आल्या आणि गेल्या. तीनच्या सुमाराला एक आजी आल्या. हातात काठी, काठीच्या मुठीला लाल दोरा. दुसऱ्या हातात काळी रेक्झिनची पिशवी. रखवालदाराने आपले वाक्य म्हटले. आजींनी पिशवीतून कागद तेवढे काढून घेतले आणि पिशवी मामांपुढे धरली.

"बाबा, यात माझ्या घराची किल्ली आहे. मी वर जाऊन येईपर्यंत तू आहेस ना?"

"आहे, आजी. कुठला मजला?" मामांना दिसतच होते, तरी विचारले.

"चौथा."

पिशवी वरून दुसऱ्या फळीवर गेली. आजी लिफ्टमध्ये गेल्या. साडेतीन झाले, चार झाले. चौथ्या मजल्याला कुणाला इतका वेळ लागत नसे. चारला मेहुण्यांचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

"काय भावोजी! ठरलं का काही?"

"नाही."

"वाटलंच. ताईला सांगून आलोय, पेटी भरून ठेव म्हणून. तोंड फिरवून बसलीय, पण भरेल. चला आता. गोदामावर विचाराची कटकटच नाही. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं. कुठलं काढू, कुठलं लावू, असं विचारायचीसुद्धा सोय नाही. एकच आहे!"

खरे सांगायचे तर ते ऐकून मामांना क्षणभर फार बरे वाटले. एकच कुलूप. महिनाभर भणभणलेल्या डोक्याला ते शब्द गार पाण्यासारखे लागले. ते उठले. स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवले. खांद्यावर पंचा टाकला. आणि वळता वळता त्यांचा हात वरून दुसऱ्या फळीवर गेला.

"ही राहिलीय," ते म्हणाले.

"कुणाची?"

"एक आजी आहेत. वर गेल्यात."

"मग द्या रखवालदाराकडे."

रखवालदार जागचा हलला नाही. "मी नाही घेत. नियम नाही."

"मग राहू द्या फळीवर. कोण नेतंय ते फाटकं रेक्झिन!"

"कुणी नेईल म्हणून नाही हो, मेहुणे." मामा शब्द शोधत होते, ते नेहमीच शोधत, पण आज सापडेपर्यंत सोडत नव्हते. "त्यांनी मला विचारलं, तू आहेस ना? मी आहे म्हणालो. म्हणून त्या वर गेल्या. आता मी नसलो, तर... मला नाही जाता येणार."

मेहुण्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. त्यांचा आवाज जिन्यातून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "धन्य आहे! एक महिना धंदा ठरेना, पाटीवर मधोमध भोक, साडेचार वाजलेत, आणि हे बसलेत दुनियेच्या पिशव्या सांभाळत! अहो भावोजी, पिशव्या सांभाळून कुणाचं पोट भरलंय आजपर्यंत?"

हा टोमणा होता. दुसरा कुणी असता तर त्याने मान खाली घातली असती, नाहीतर तोंड सोडले असते. पण मामांना आयुष्यभर लोकांनी मजले सांगितले होते आणि मामांनी ते खरे मानले होते. टोमणा आणि प्रश्न यांतला फरक त्यांना कधीच समजला नाही. त्यांनी तो प्रश्न म्हणूनच घेतला. ते फळ्यांकडे पाहू लागले. खालून पहिली, दुसरी, तिसरी. रोप, तार, तबला, आरसा, मांजर. तेरा जण, अकरा जण, वीस जण. "किती द्यायचे, मामा?" "किती देऊ?" "घ्या हो!"

"कुणी भरून बघितलंय का?" मामांनी विचारले.

"काय?"

"पोट. पिशव्या सांभाळून. बघितलंय का कुणी भरून?"

 मेहुण्यांच्या धंद्याच्या सगळ्या ज्ञानात हे खाते नव्हते.

"बसा इथे," मामा म्हणाले, आणि स्टूल पुन्हा पुढे ओढले.

"मी?"

"पाच मिनिटं. काळी पिशवी, वरून दुसरी फळी. काठीला लाल दोरा असेल. तुम्ही कोण, असं विचारायचं नाही; हातात द्यायची." आणि सत्तावीस वर्षांत कुणालाही आज्ञा न केलेला तो माणूस, थोरल्या आवाजाच्या मेहुण्यांना स्टुलावर बसवून, लिफ्टकडे निघाला.

लिफ्टमध्ये कुणी नव्हते. दरवाजा आपला आपण मिटला. मामा मध्यभागी उभे राहिले. डावा हात जाळी शोधू लागला, उजवा मूठ. लिफ्ट हलेना. घड्याळात पावणेपाच. मामांनी मान जराशी मागे वळवली आणि त्यांच्या तोंडून सवयीने शब्द गेला, "कुठला?"

मागे आरसा होता. आरशात एक पांढऱ्या मिशांचा माणूस त्यांच्याकडे बघत होता, तोही तेवढाच गोंधळलेला. ओठ घट्ट मिटलेले, नजर छताकडे जाऊ पाहणारी. आणि मामांनी तो चेहरा ओळखला. असे चेहरे त्यांनी हजारो वर नेले होते. हा पाचव्याचा. विचारायचीही गरज नव्हती. त्यांनी बोट पुढे केले.  आणि गोल बटण दाबले.

"पाचवा मजला," ती गोड आवाजाची बाई म्हणाली.

व्यवस्थापक साहेबांच्या टेबलावर कागद पसरून, उभ्याउभ्याच, मामांनी त्या कोऱ्या ओळीवर लिहिले: लोकांचे सामान सांभाळणे. साहेबांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"मामा, यात विकणार काय?"

"काही नाही."

"मग देणार काय?"

"ज्याचं त्याला."

साहेबांनी शिक्क्यांचा डबा पुढे ओढला. आता गोंधळायची पाळी त्यांची होती. त्यांच्यापुढे तीन शिक्के होते: विक्री, दुरुस्ती, सेवा. पहिला उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग तिसऱ्यावर फुंकर घालून त्यांनी तो कागदावर दाबला, जरा जास्तच जोराने. "झेरॉक्सवाला मला शिव्या घालणार," ते म्हणाले. "घालू दे."

बाहेर बाकावर आजी बसल्या होत्या. चौथ्याने त्यांना सहीसाठी पाचव्यावर पाठवले होते, आणि पाचव्याने बसवून ठेवले होते. नुकतीच सही मिळाली होती. मामांना पाहून त्या म्हणाल्या, "अगं बाई! पिशवी?"

"आहे, आजी. माणूस बसवलाय."

"मला घोर नव्हता. तू आहेस म्हणाला होतास ना."

दोघे खाली आले. जिन्याखाली मेहुणे स्टुलावर ताठ बसले होते; मांडीवर काळी पिशवी दोन्ही हातांनी कवटाळलेली, शेजारी एक छत्री आणि एक हेल्मेट.

"हे काय?" मामांनी विचारले.

"दोन गिऱ्हाइकं केली," मेहुणे कुजबुजले. त्यांची कुजबुज दारापर्यंत गेली. "एकेक नाणं घेतलं. भावोजी, भांडवल शून्य, माल लोकांचा, नासत नाही, जळत नाही! तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठे माहीत होतं!" मामा म्हणाले. "आणि ही छत्री फळीवर का नाही ठेवलीत? कुठल्या मजल्याला गेलाय तो?"

"ते विचारायचं असतं?"

"तेवढंच तर विचारायचं असतं."

आजींनी पिशवी उघडली, किल्ली चाचपली, पिशवीच्या तळातून एक नाणे काढून मामांपुढे धरले. मामांचा हात सवयीने कानाकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि उघडून पुढे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरने शिडी लावली. मामी मामांचा खांदा धरून घरचा जिना उतरून आल्या होत्या; पेटी तशीच, रिकामी, पलंगाखाली परत गेली होती.

"बोला. मधे काय लिहू? 'येथे पिशव्या मिळेल'? व्याकरण सोडा, लोक पिशव्याच मागायला येतील."

मामा पुन्हा गोंधळले. त्यांनी मामींकडे पाहिले. मामींनी तोंड उघडले, आणि कोण जाणे का, मिटून घेतले. पेंटरचा कुंचला ठिबकत होता.

"इथे नवं काहीच मिळत नाही," मामा हळूहळू म्हणाले. "ठेवलेलं... तेच परत."

पेंटरने बोटांनी जागा मापली. "'ठेवलेले परत.' बसतं." आणि त्याने लिहिले.

येथे ठेवलेले परत मिळेल.

वाचायला चारच शब्द, पण मामी ते वाचत उभ्या राहिल्या. त्या घटकेला त्यांना वाटले, अशी एखादी पाटी कुठेतरी वर, या सगळ्याच्याही वर, लावलेली असावी. आणि तिच्याच भरवशावर आपण आपली माणसे, आपले दिवस, आपले जीव कुणाच्या तरी फळीवर ठेवून निर्धास्त हिंडत असावे. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि रंगाचा वास नाकात गेला असे सांगितले.

एक गृहस्थ पोटाशी फाइल धरून, दुसऱ्या हातात जड ट्रंक घेऊन उभे होते. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"परत मिळेल ते ठीक, पण कधी?"

मामांनी ट्रंक घेतली, खालून तिसऱ्या फळीकडे वळले, आणि थोडा विचार करून म्हणाले, "तुम्ही याल तेव्हा."